वेसण काढलेली गाडी

आबांनी गाडीची पुढची काच फोडली तेव्हा गाडी घरात येऊन महिनाही झाला नव्हता. हाताशी फावडं होतं, तेच उचललं आणि घातलं. कारण काय, तर मी सायलेन्सरचा डबा कापून काढला होता. सकाळी गाडी चालू केल्याबरोबर गोठ्यातला डाव्या अंगाचा बैल बिथरला, दावं तोडून ओढ्यापर्यंत पळाला आणि दगडात पडून गुडघा सोलवटून घेऊन परत आला. आबांनी आधी बैल बांधला, जखमेत हळद भरली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग शांतपणे फावडं घेऊन अंगणात आले. काच फुटायला दोन घाव लागले. तिसरा माझ्या दिशेने होता, तो मी चुकवला.

"माज्या बैलाच्या अंगाला हात लावतोस व्हय?"

"मी कुटं हात लावला?"

"आवाज लावलास न्हवं?"

मी काचा गोळा केल्या. आबा म्हणजे माझे वडील, आणि मुळशीतल्या आमच्या गावात त्यांच्याशी वाद घालणारा माणूस एक तर पाहुणा तरी असायचा किंवा दारू प्यालेला तरी.

आमच्या घरात मार हा जेवणासारखा होता, वेळेवर मिळायचा. आबांनी बैल बडवले, मला बडवलं, आणि एका यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीत निशाण उशिरा पाडलं म्हणून भर घाटात पंचाच्या कानाखाली ओढली. आईवर मात्र मला मिसरूड फुटल्यापासून हात पडला नव्हता. कारण त्या वर्षी मी एकदा मध्ये उभा राहिलो होतो आणि त्या दिवशी माझं आणि आबांचं अशी दोघांचीही डोकी फुटली होती. मीही काही गरीब गाय नव्हतो. पिरंगुटच्या एका कारखान्यात लेथवर होतो, आणि तिथला सुपरवायझर मला सांगायचं काम दुसऱ्याच्या तोंडून सांगायचा. आमच्या घराण्याचं रक्तच तापट असं आई म्हणायची, आणि हे म्हणताना ती स्वतः भाकरी तव्यावर आपटत असायची.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मुठा खोऱ्याच्या बाजूची आमची डोंगरउताराची जमीन विकली गेली, हातात पैसा आला. ज्याची जमीन जायची त्याच्या दारात आधी गाडी यायची, घराला गिलावा नंतर. आबांना गाडी चालवता येत नव्हती, पण घ्यायला तेच गेले. बैलबाजारात फिरावं तसे ते शोरूममध्ये सगळ्या गाड्यांभोवती फिरले, टायरांना लाथा घालून पाहिल्या आणि एका छोट्या लाल डिझेल गाडीपाशी थांबले. मागे पंख होता, चाकं चकचकीत होती. विकणारा पोरगा म्हणाला, काका, ह्यात टर्बो आहे. म्हणजे काय, असं आबांनी विचारलं. तो म्हणाला, इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून छोटी असून जोरात पळते. "म्हंजी छातीचं जनावर हाय," आबा म्हणाले आणि व्यवहार झाला.

छातीचं जनावर हा आबांचा शेवटचा शब्द असायचा, कारण आबा गाडेवाले. आमच्याकडे यात्रेला बैलगाड्यांची शर्यत असते. ज्या चढाच्या पट्टीवर गाडा पळवतात तिला घाट म्हणतात. एकेक जोडी सुटते, वर पोचायला लागलेला वेळ घड्याळावर मोजतात आणि ज्याचा वेळ कमी तो पहिला. आमच्या घरची त्यात एक रीत होती, तिला बाकीचे गाडेवाले सरळ वेडेपणा म्हणायचे. जोडी घाटात उभी राहिली, निशाण वर गेलं की आबा कमरेचा विळा काढायचे आणि दोन्ही बैलांची वेसण कापून टाकायचे. नाकात दोरी असली की बैल पुरता श्वास घेत नाही आणि धाव म्हणजे श्वास, असं त्यांचं म्हणणं. वर धरायला उभी असलेली माणसं बिनवेसणीचा बैल आवरता आवरता तुडवली जायची. एकाच्या बरगड्या मोडल्या. आबा त्याला दवाखान्यात बघून आले, केळी देऊन आले, आणि पुढच्या यात्रेला पुन्हा विळा काढला.

मला बैलांचं वेड कधी लागलं नाही. मला हवा होता गोठा. आमचा गोठा घरापासून थोडा लांब, पौडच्या रस्त्याला लागून होता. दगडी भिंती, वर पत्रा, पुढे गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या त्या रस्त्याने धरणाकडे जायच्या, आणि चढाला कुणाचं तरी इंजिन तापून वाफ सोडत उभं असायचंच. तिथे गॅरेज टाकायचं, कारखान्याचा भोंगा आयुष्यात पुन्हा ऐकायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी एकदा आबांना विचारलं. त्यांनी हातातला तांब्या फेकून मारला. त्यानंतर एका बिल्डरचा माणूस मिठाईचे पुडे घेऊन गोठ्याची जागा मागायला येऊ लागला. त्याला तांब्या मारला नाही, त्या तांब्यातून पाणी दिलं. हे बघून मला जे वाटलं ते लिहिता येण्यासारखं नाही.

काच बदलली आणि मी पुन्हा कामाला लागलो. टर्बो म्हणजे गोगलगाईच्या आकाराचं एक ओतीव बिडाचं घर. त्यात एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा त्याच जोरावर बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. मी सायलेन्सर मोकळा केलाच होता. मग भंगार बाजारातून एका मोठ्या गाडीचा इंटरकूलर आणला, म्हणजे कोंबलेली गरम हवा थंड करणारी जाळी. ती बसेना, तर पुढचा बंपर आतून कापला. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं. हवेच्या फिल्टरचा डबा फेकून दिला आणि टर्बोचं तोंड थेट उघडं केलं, वर नुसती फिल्टरची टोपी बसवली. मागची सीट काढली, पंख काढला. पंख काढताना आबा म्हणाले, "शिंगं काढतोय मुडदा."

मदतीला आमचा भाडेकरू असायचा. लातूरकडचा पोरगा, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करायचा, आमच्या माडीवर राहायचा. त्याला गाड्यांचं वाचून वाचून ज्ञान होतं आणि हाताला ग्रीस लागलं की तो हात धुवून यायचा. मी त्याच्यावर पाना फेकला नाही असा रविवार गेला नसेल. तरी तो यायचा. एका संध्याकाळी त्याने टर्बोच्या अंगाला असलेली एक छोटी रबरी नळी धरून विचारलं, ही कशाला?

मी त्याला सांगितलं. हवेचा दाब वाढत चालला की या नळीतून तो दाब त्या डबीत जातो, डबी दांडा ढकलते, दांडा बाजूची खिडकी उघडतो आणि जास्तीचा धूर पंख्याला न लागता निघून जातो. पंखा हद्दीत राहतो.

"आणि नळी काढली तर?"

"खिडकी उघडायचीच नाही. दाब चढतच जाणार. पळेल जीव तोडून, आणि मग टर्बो फुटेल."

आबा तिकडे बाजेवर पाठ करून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

त्या वर्षी शर्यतींना परवानगी मिळाली नाही. आबांनी बैलांना वर्षभर दूध पाजलं होतं, अंडी चारली होती, उडदाच्या डाळीचे गोळे घातले होते. परवानगी नाही म्हटल्यावर ते दोन दिवस गोठ्यातून बाहेर आले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते पहिला दिसेल त्याला मारायच्या तयारीने. पहिला दिसला तो मीच. गावात मात्र तरण्या पोरांनी दुसरंच ठरवलं. घाटाच्या शेजारून दगडखाणीकडे जाणारा चढाचा रस्ता होता, खाण बंद पडलेली. यात्रेच्या दुपारी तिथे गाड्या पळवायच्या. पंच तेच, निशाण तेच, घड्याळ तेच.

देवळाच्या पारावर हे ठरत होतं तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला की आमच्या गाडीने धूर कमी सोडला तर ती त्याला दिसेल तरी. त्याच्याकडे मोठी पेट्रोल गाडी होती. त्यांच्या घराशी आमची बांधावरून जुनी खुन्नस होती. त्याच्या बापाच्या पाठीवर आमच्या कुऱ्हाडीच्या दांड्याचा वळ होता आणि आबांच्या गुडघ्यात त्यांचा दगड. लोक हसले. आबा उठले, आणि मला वाटलं आता मारामारी होणार. पण ते पारावर चढले.

"पैली आमची गाडी येनार," आबा म्हणाले. "आली तर रस्त्याकडचा गोठा पोराचा. न्हाई आली तर दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या कागदावर माजी सही. पंचांनी ऐकून ठेवा."

मी आबांकडे बघत राहिलो. मला आनंद झाला होता आणि धास्तीही वाटत होती. आबांनी दिलेला शब्द ते कधीच मोडत नव्हते, मग तो मारायचा असो की देण्याचा.

पण गाडी पळत नव्हती, हे मला माहीत होतं. आम्ही सकाळच्या वेळी खाणीच्या रस्त्यावर घेऊन जायचो. भाडेकरू वर घड्याळ घेऊन उभा राहायचा. गाडी सुटताना उसळी घ्यायची, आणि निम्म्या चढावर छाती भरून आल्यासारखी जड व्हायची. मागे काळ्या धुराचा लोट. चुलतभावाच्या वेळेच्या आसपासही आम्ही पोचत नव्हतो. मी स्क्रू पिळून आणखी डिझेल सोडायचो, धूर आणखी काळा व्हायचा, वेळ तोच. रागाच्या भरात मी बॉनेटवर एवढी बुक्की घातली की त्यावर कायमचा खड्डा पडला. भाडेकरू म्हणाला, "दादा, डिझेल जास्त झालंय, हवा कमी पडतीय." मी त्याला म्हणालो, तू चढव बरं हवा, फुंकर मारून. त्यानंतर तो चार दिवस बोलला नाही.

त्याच आठवड्यात पिरंगुटच्या पेट्रोल पंपावर चुलतभाऊ भेटला. आमची गाडी चुलीवर चालते का, रॉकेल घालतो का लाकडं, असं त्याने चार लोकांत विचारलं. मी खाली उतरून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा ओठ फाटला. त्याने गाडीतून जॅकचा दांडा काढला आणि माझ्या भुवईवर हाणला. रक्ताने डोळा भरला, मला काही दिसेना, तरी मी त्याचा शर्ट सोडला नाही. पंपावरच्या पोरांनी आम्हाला सोडवलं आणि दोघांच्याही अंगावर बादलीने पाणी ओतलं. भुवईला टाके घालून घरी गेलो तर आबांनी ते बघितले आणि विचारलं, त्याचं काय झालं? ओठ फाटला म्हटल्यावर ते म्हणाले, "एवढंच?"

यात्रेच्या दुपारी ऊन असं होतं की खाणीचा रस्ता पांढरा दिसत होता. दोन्ही बाजूंनी माणसं, वर टेकडावर बायका, हलगी वाजत होती. चुलतभावाची गाडी आमच्या आधी सुटली आणि त्याचा वेळ पुकारला तेव्हा त्यांच्या बाजूने गुलाल उधळला गेला. मी आकडा ऐकला आणि मनात गोठा सोडून दिला. एवढा कमी वेळ माझी गाडी सात जन्मात देणार नव्हती. शर्यतीपुरती फिल्टरची टोपीसुद्धा काढून ठेवली होती, तेवढाच श्वास मोकळा. आणखी करण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. देवाला नारळ फोडायला मी देवळापर्यंत जाऊन आलो. आलो तेव्हा आबा बॉनेट खाली दाबून बंद करत होते. कपाळाला गुलाल, चेहरा दगडाचा.

"गुलाल लावला आतून," एवढंच ते म्हणाले आणि रस्त्याच्या कडेने वर चालू लागले.

मी बसलो. निशाण पडलं, मी क्लच सोडला.

पहिल्या टप्प्यात गाडी रोजच्यासारखीच होती. मग, जिथे ती रोज जड व्हायची, तिथे ती जड झाली नाही. टर्बोची शिट्टी चढत गेली, चढतच गेली, अशी शिट्टी मी कधी ऐकली नव्हती. आरशात बघितलं तर मागे धूर नव्हता. स्टेअरिंग हातातून निसटू बघत होतं, पुढची चाकं मुरुमात खरडत होती, आणि माझी पाठ सीटमध्ये रुतली होती. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, शिव्याच असणार. पंचांच्या रेघेवरून गाडी गेली तेव्हा मला कळलं की आपण पहिले आलो. त्याच क्षणाला पुढून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला.

मी पाय उचलला. गाडीचा जोर कमी होईना. उलट इंजिन आणखी चढलं. मी ब्रेकवर उभा राहिलो, क्लच दाबला, गाडी खाणीच्या मोकळ्या जागेत घसरत थांबली, पण इंजिन थांबलं नाही. किल्ली फिरवली. किल्ली बाहेर काढून हातात धरली. इंजिन किंचाळतच होतं. टर्बोचं सील गेलं होतं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. अशा वेळी किल्ली काही करू शकत नाही, आत असलेलं ऑइल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते पळतं. मी वरचा गिअर टाकून क्लच सोडला, म्हणजे झटक्याने बंद पडेल. पण क्लच चढावरच जळून गेला होता, नुसता वास आला. पांढऱ्यानिळ्या धुरात मला बॉनेटही दिसेना.

मी बाहेर उडी मारली आणि ओरडलो, लांब व्हा, फुटेल. माणसं एकमेकांना तुडवत खाली पळाली. कुणाचं तरी पोर पडलं, त्याला उचलायला त्याची आई परत आली आणि पळणाऱ्यांनी तिलाही पाडलं. त्या गर्दीतून एकच माणूस उलटा वर येत होता. आबा. दोन्ही हातांनी माणसं बाजूला ढकलत, एकाला तर थोबाडीत मारून वाट काढत ते गाडीपर्यंत आले. मी त्यांना धरलं. त्यांनी कोपर माझ्या छातीत असं मारलं की मी बसलोच. बॉनेट उघडलं. धुरात वाकून बघितलं. मग डोक्याचा टॉवेल सोडला, उजव्या हाताभोवती गुंडाळला आणि टर्बोच्या उघड्या तोंडात कोंबला.

त्या तोंडाच्या आत बोटभर अंतरावर पंखा होता. त्याने टॉवेल ओढला, आणि टॉवेलाबरोबर बोटं. हवा तुटली तसे इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. सगळीकडे इतकी शांतता झाली की खाली हलगीवाल्याच्या हातातून हलगी पडल्याचा आवाज आला. आबा ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून हात बाहेर ओढला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही नव्हती. टॉवेल आत राहिला होता. आबांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पैला आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

मग ते खाली बसले. मी माझा शर्ट काढून त्यांचा हात बांधला, आणि बांधता बांधता मला इंजिनात दिसलं. ती छोटी रबरी नळी काढून बाजूला, तारेला नीट अडकवून ठेवलेली होती. तिच्यावर गुलालाचा अंगठा होता.

पौडच्या दवाखान्यात जाईपर्यंत मी जीपमध्ये त्यांना शिव्या देत होतो. तुमी नळी काढली, तुमाला कुणी सांगितलं होतं, मेला असता, मी मेलो असतो. ते डोळे मिटून बसले होते. एकदाच म्हणाले, "वेसण घालून कुनी पळवतं व्हय? तूच सांगत हुतास त्या लातूरवाल्याला. पळंल जीव तोडून म्हणून."

"आणि पुढचं? फुटेल म्हणून सांगितलं ते?"

"वर धरायला मी हुतो न्हवं."

दवाखान्यातून ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पंच फेटा आणि नारळ घेऊन आले. आमची गाडी पहिली, यात कुणाचंच दुमत नव्हतं. चुलतभाऊही आला होता, ओठाला पट्टी लावून, आणि आल्याबरोबर आबांच्या पाया पडला. पंचांनी चहा घेतला आणि म्हणाले की शब्दाप्रमाणे गोठा पोराचा, आम्ही साक्षीला आहोत. आई आत डोळे पुसत होती. पंच माझ्या डोक्याला फेटा बांधायला उठले.

"थांबा," आबा म्हणाले. हात गळ्यात अडकवलेला होता. ते माझ्याकडे वळले. "खरं सांग. तुज्या सेटिंगवर आली असती का पैली?"

भाडेकरू माझ्या शेजारी उभा होता. त्याने खाली बघितलं. त्याला उत्तर माहीत होतं, मलाही होतं. माझ्या गाडीत डिझेल जास्त आणि हवा कमी होती. मी दातओठ खाऊन डिझेल वाढवत बसलो आणि आबांनी एक नळी काढून हवा त्याच्या बरोबरीला आणली. एका धावेपुरती ती गाडी बरोबर झाली, आणि ती मी नव्हती केली. पण आली असती म्हटलं की गोठा माझा होता. आणि या माणसाची दोन बोटं फुकट गेली, हेही त्याला कळणार होतं. ज्याने मला आयुष्यभर बडवलं त्याला एवढं कळावं, असं क्षणभर वाटलं. हे मी लपवत नाही. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला.

"न्हाई," मी म्हणालो.

"न्हाई म्हंजी?"

"तुमच्यामुळं आली."

आबांनी पंचांकडे बघितलं. "ऐकलं? म्हंजी गोठा माजाच ऱ्हायला." त्यांनी मान पुढे केली आणि फेटा स्वतःच्या डोक्याला बांधून घेतला.

मी माडीवर गेलो आणि दाराला लाथ मारली, दाराची फळी निखळली. भाडेकरूने ती नंतर खिळे मारून बसवली, वाकडी. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्या पाळीला जाऊ लागलो. आबांशी बोलणं बंद केलं. बिल्डरचा माणूस आता कागद घेऊन येईल आणि आला की मी त्याला पायऱ्यांवरून खाली फेकीन, याची मी मनातल्या मनात तयारी करत होतो. गाडी अंगणात बॉनेट उघडं टाकून तशीच पडली होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या होत्या.

एका दुपारी पाळी सुटून येत होतो तर गोठ्यापुढे टेम्पो उभा दिसला. बैलांचा व्यापारी होता. डावा बैल टेम्पोत चढला होता, उजवा फळीवर पाय ठेवेना. व्यापाऱ्याच्या माणसाने त्याच्या पाठीवर काठी घातली. आबांनी डाव्या हाताने ती काठी हिसकली आणि त्या माणसाला त्याच काठीने खांद्यावर, पाठीवर, पोटरीवर असं बडवलं की तो टेम्पोखाली शिरला. व्यापारी मध्ये पडला नाही, तो आबांना ओळखत होता. मग आबांनी काठी गुडघ्यावर मोडली, बैलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले, आणि बैल मुकाट्याने वर चढला. टेम्पो पौडच्या दिशेने गेला. आबा वळणापर्यंत बघत राहिले नाहीत. ते आत गेले आणि डाव्या हाताने खराटा मारू लागले. जमत नव्हतं, शेण इकडून तिकडे नुसतं पसरत होतं.

"आबा, बैलं इकली?"

"दिसत न्हाई का?"

"कुणी सांगितलं होतं इकायला?" माझा आवाज फाटला. "हात बरा झाला असता. मी घातली असती वैरण. कुणी सांगितलं होतं तुमाला?"

"गोठा माजा हाय," आबा खराटा न थांबवता म्हणाले. "त्यात काय बांधायचं ते मी ठरवनार." मग ते थांबले, श्वास घेतला आणि घराच्या दिशेने हनुवटी उडवली. "आन ती गाडी हितं. उनात पडलीय कवाधरनं."

मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्यांचा गळा धरावासा वाटला, दोन्ही एकदमच. मी दोन्हीतलं काही केलं नाही. घरी जाऊन भाडेकरूला हाक मारली, कोंबड्या हाकलल्या आणि आम्ही दोघं गाडी ढकलत रस्त्याला लागलो. चढाच्या तिथे ती जड झाली तेव्हा मागून आणखी कुणीतरी ढकलायला लागल्याचं जाणवलं. मी वळून बघितलं नाही. नुसता जोर लावत राहिलो.